घराचापण रोजमेळ रोज रात्री बंद करा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मी बार्शीचा किराणा दुकानदार आहे. ३४ वर्षं काउंटरला बसतोय, आधी वडिलांच्या शेजारी बसायचो, आता माझा मुलगा माझ्या शेजारी बसतो. सकाळी दुकान झाडून, देवाला हात जोडून झाले की गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आत तुमचा पेपर वाचतो. पैशाविषयीचं पान असतं त्यात म्युच्युअल फंड, शेअर, सोन्याचा भाव, इन्कम टॅक्स सगळं असतं, ते चांगलंच आहे, पण ते सगळं पैसे उरल्यावरचं झालं ना. घरातले पैसे २० तारखेलाच संपतात त्या माणसानं काय करायचं हे कुणी लिहीत नाही. माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं ह्याच अडचणीत आहेत, आणि त्यात कमी पगारवालेच आहेत असं समजू नका. दुकानात आम्ही रोज रात्री रोजमेळ घालतो, म्हणजे आलेले गेलेले लिहून शिल्लक मोजून जुळवतो, तोच घरात पण घालावा हे सांगायला हे पत्र लिहितोय, जरा लांब होईल, जमलं तर छापा.

मागच्या महिन्यात आमच्या जुन्या खात्यावरच्या एक ताई आल्या, नवराबायको दोघं नोकरी करतात, दोघांचा मिळून पगार ४२ हजार, पोरं दोन. सामान घेऊन झालं तरी थांबल्या आणि म्हणल्या, काका तुम्ही एवढ्या लोकांचा हिशोब ठेवता, आमच्या घरात पैसा येतो आणि कुठं जातो तेच कळंना झालंय, दोघांची त्यावरून रोज भांडणं होतात. मी म्हणलं, दुपारी गर्दी नसते तेव्हा दोघं या आणि महिन्याचं स्टेटमेंट घेऊन या. आले बिचारे. तिघांनी बसून एकेक ओळ वाचली. १० रुपये, २० रुपये, ३५ रुपये अशा ५० च्या आतल्या ९४ एन्ट्र्या निघाल्या आणि त्यांची बेरीज आली ३,१०० च्या आसपास. ताईंना वाटलं सापडला चोर. पण मी म्हणलं थांबा, ह्याच महिन्यात विम्याचा हप्ता ९,५०० गेलाय, तो तुम्ही धरलाच नव्हता, कारण तो वर्षातून एकदाच येतो. म्हणजे घराला दोन भोकं होती. बारकं सगळ्यांना दिसतं आणि मोठ्याकडं कुणाचं लक्ष नसतं.

पूर्वी काय होतं ते सांगतो. घरोघरचं आमच्याकडं खातं असायचं. १ तारखेला यादी यायची, तांदूळ इतके, साखर इतकी, शेंगदाणे, चहापावडर, साबण, आणि मधेअधे पोरगं येऊन काही न्यायचं ते आम्ही त्या घराच्या पानावर लिहायचो. महिना संपला की घरधनी यायचे, पान उघडायचे, बोट लावून वाचायचे, हे काय, बिस्किटाचे पुडे ११ झाले? आणि पुढच्या महिन्यात बरोबर कमी व्हायचे. आता मला कळतंय की ती आमची उधारीची वही नुसती आमची वसुली नव्हती, त्या घराचा खर्च एका पानावर दाखवणारी ती एकच जागा होती. आता क्यूआर कोडला फोन लावला, स्पीकर बोलला की दहा रुपये मिळाले, संपलं. मला दुकानदार म्हणून हे बरंच आहे, उधारी बुडत नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही, ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली तेव्हा काय हाल झाले ते मी बघितलेत त्यामुळं यूपीआयला मी नावं ठेवणार नाही. पण गिऱ्हाइकाचं ते पान गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

कुणी म्हणेल मोबाईलमध्ये सगळी हिस्ट्री असते की. असते, पण बघतं कोण? आणि पूर्ण पण नसते. घरात चार मोबाईल, चार अ‍ॅप, दोन बँका. यूपीआय लाईट, म्हणजे लहान रकमांसाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय, वापरत असाल तर पासबुकात फक्त लाईटमध्ये पैसे भरल्याची एक ओळ येते, ५०० गेले तर कशाकशावर गेले ते पासबुकात येतच नाही, अ‍ॅपमध्येच बघावं लागतं. काही बँका लहान रकमेचा एसएमएस पण आता पाठवत नाहीत. आणि रोख दिलेल्या पैशाची तर कुठंच नोंद नाही, भाजीवाल्या मावशीला दिलेले, देवळात ठेवलेले, रिक्षाचे.

आता मुद्द्यावर येतो. खूप जण मला सांगतात आम्ही खर्च लिहितो. डायरी दाखवतात. त्यात दूध ६४, भाजी १३०, असं पान भरून लिहिलेलं असतं आणि आठ दहा दिवसांनी डायरी कोरी. माझं म्हणणं एवढंच आहे की नुसता खर्च लिहिणं हा हिशोब नाही. शिल्लक जुळवणं हा हिशोब. दुकानात आम्ही रोजमेळ घालतो, त्याचं नावच मेळ आहे. सकाळी पानाच्या वर श्री शिल्लक लिहायची, म्हणजे काल रात्री किती होते ते. डाव्या बाजूला जमा म्हणजे आलेले, उजव्या बाजूला नावे म्हणजे गेलेले. रात्री जमा मिळवायची, खर्च वजा करायचा, आणि जो आकडा येईल तेवढेच पैसे गल्ल्यात आहेत का ते मोजायचं. जुळलं तर शटर खाली. नाही जुळलं तर आठवायचं, आणि तरी नाहीच आठवलं तर भूलचूक म्हणून लिहायचं आणि पान बंद करायचं. माझे वडील कितीही दमले तरी हे केल्याशिवाय जेवायला घरी येत नसत.

घरात हेच का करू नये? त्या ताईंना मी तिथंच एक पान घालून दाखवलं. समजा सकाळी पाकिटात आणि डब्यात मिळून रोख १,२४० आहेत आणि घरखर्चाच्या खात्यात ११,३६०. श्री शिल्लक झाली १२,६००. दिवसभरात दूध ६४, भाजी १३०, पेट्रोल २००, पोराच्या वह्या पेन ४५, झाले ४३९. रात्री १२,१६१ उरायला पाहिजेत. मोजले तर १२,०८१ भरले. ८० रुपये कुठं गेले? नवरा म्हणला अरे हो, संध्याकाळी स्टँडवर मित्राबरोबर वडापाव आणि चहा झाला. बघा, नुसता खर्च लिहिला असता तर ते ८० कधीच कुणाला आठवले नसते, कारण विसरलेला खर्च लिहिणार कसा? शिल्लक मोजली म्हणून तो सापडला. पाच मिनिटांचं काम आहे, टीव्हीवरच्या मालिकेतल्या जाहिरातीत होतं.

पण ह्याला एक अट आहे, गल्ला वेगळा पाहिजे. दुकानाचा गल्ला आणि घराचं कपाट एक केलं की दुकान बुडतं हे आमच्या धंद्यात लहान पोराला पण माहिती असतं. पगार ज्या खात्यात येतो त्यातूनच घराचा हप्ता जातो, त्यातच बचत पडलेली, त्यातूनच दूध आणि भाजी, मग मेळ कसा बसणार, आणि खात्यात ६० हजार दिसले की हात सैल सुटतोच. म्हणून एक वेगळं साधं खातं काढा, मिनिमम बॅलन्स न लागणारं मिळतं, शक्यतो दुसऱ्या बँकेत. पगार झाला की महिन्याचा घरखर्च ठरवून तेवढाच त्या खात्यात टाका आणि मोबाईलमधल्या यूपीआयला फक्त तेच खातं जोडा. नवराबायकोचं जॉइंट खातं असलं आणि दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकेल असं लिहून दिलेलं असलं तर दोघांच्या फोनवर चालतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना किंवा कॉलेजच्या पोराला द्यायचं असेल तर २०२४ पासून यूपीआय सर्कल म्हणून सोय आलीय, त्यात खातं आपलंच राहतं आणि त्यांना महिन्याची मर्यादा घालून देता येते. ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांनी पाकिटं करावीत, आमची आई फडताळात चार डबे ठेवायची, दुधाचा, शाळेचा, दवाखान्याचा आणि देवाचा, आणि दुधाच्या डब्यातले पैसे भाजीला काढले तर परत टाकल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

लिहायचं कशात, तर साधी १०० पानी वही पुरते. अ‍ॅप चांगली असतात पण ती एकाच्या फोनमध्ये राहतात, आणि घराचा हिशोब एकाच्या खिशात राहिला की बाकीचे त्यातून सुटतात. वही स्वयंपाकघरात, जिथं सगळ्यांचा हात जातो तिथं, दोरीला पेन बांधून ठेवा. जो खर्च करेल त्यानंच लिहायचं. सदरं जास्त करू नका. वाणसामान, दूध, भाजी, बिलं, शाळा, दवाखाना, गाडी, पाहुणे आणि आहेर, आणि किरकोळ, बास. ह्यातल्या किरकोळवर मात्र डोळा ठेवा. मी बघितलेल्या बहुतेक वह्यांत महिन्याअखेरी किरकोळ हे वाणसामानाच्या बरोबरीनं असतं, आणि इतकं मोठं असेल तर ते किरकोळ नाहीच, ते फोडून त्यातलं जे वारंवार येतंय त्याला स्वतःचं नाव द्या. मोबाईलवरून आपोआप कटणारे पैसे पण ह्याच किरकोळमध्ये लपतात, कुठलं तरी पिक्चर बघायचं अ‍ॅप, पोरानं चालू केलेली गेम. असे पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो वाचत जा, आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे म्हणून जागा असते तिथं आपल्या नावावर काय काय चालू आहे ते दिसतं, नको ते तिथूनच बंद होतं. त्या ताईंच्या फोनमध्ये अशी दोन निघाली, दोन्ही वर्षभर कुणी उघडलेली पण नव्हती.

वाणसामानात रकमेबरोबर वजन पण लिहा ही दुकानदार म्हणून माझी हात जोडून विनंती. तेल १ लिटरची पिशवी आणि १ किलो हे एक नाही, लिटरमध्ये साधारण ९१० ग्रॅमच बसतं. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा ह्यात तर सव्वा किलोच्या वर फरक पडतो, आणि गिऱ्हाईक दोन दुकानांतले भाव विचारतं तेव्हा एक लिटरचा सांगतो आणि एक किलोचा. शिवाय आता ८५० ग्रॅमच्या वगैरे पिशव्या पण येतात. पाकिटावर एमआरपीच्या जवळ दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, चष्मा लावून तो बघा. आणि मोठं पाकीट म्हणजे स्वस्तच हे पण खरं नाही, शांपूची पुडी कितीदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगतो.

आता त्या मोठ्या भोकाचं. वर्षातून एकदा येणारे खर्च. आमच्याकडं फेब्रुवारी मार्चमध्ये मालदांडी ज्वारी येते तेव्हा लोक वर्षाची भरून ठेवतात, मग गहू, मग उन्हात मिरच्या वाळवून वर्षाचं काळं तिखट, पापड कुरडया. ते होतंय तोवर जून, फी, वह्या, दप्तर, रेनकोट. मग गौरी गणपती, मग दिवाळी. मधे विमा, घरपट्टी, गाडीचा इन्शुरन्स. ह्यातला एक पण खर्च अचानक येत नाही, सगळे कॅलेंडरवर दिसतात, तरी दरवर्षी घरात अचानक आल्यासारखे येतात आणि मग कुणाकडून तरी उसने घ्यायचे किंवा क्रेडिट कार्ड. ताईंच्या घरचे आम्ही लिहून काढले. धान्य १०,०००, तिखट मसाला ४,०००, जूनची शाळा १४,०००, दिवाळी १२,०००, दोघांचे विमे मिळून १२,०००, घरपट्टी ३,०००, गाडीचं ५,०००. बेरीज ६०,०००. म्हणजे महिन्याला ५,०००. ताई माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणल्या काका म्हणजे आमचा पगार ४२ नाहीच, ३७ आहे. अगदी बरोबर. आजपर्यंत ते ४२ समजून खर्च करत होते म्हणून दर दोन महिन्यांनी खड्डा पडत होता, आणि त्या खड्ड्याचा राग वडापाववर निघत होता.

हे ५,००० पगाराच्याच दिवशी तिसऱ्या खात्यात टाका, ज्याला ना यूपीआय ना कार्ड. एकदाच मोठी रक्कम लागणार असेल, म्हणजे समजा जूनच्या फीसाठी, तर बँकेची १२ महिन्यांची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची ठेव, करा, जून ते मे. पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून निघते आणि चांगली आहे पण ती ५ वर्षांची, ती लग्नकार्यासाठी ठीक, फीसाठी नाही. बायकांनी भिशीचा नंबर कुठल्या महिन्यात घ्यायचा हे पण ह्याच हिशोबानं ठरवावं, तसं खूप जणी करतातच, ज्वारीच्या महिन्यात नंबर मागून घेतात. लाडक्या बहिणीचे १,५०० येतात त्यातून कितीतरी जणींनी असंच वर्षाचं तिखट उभं केलेलं मला माहिती आहे, कारण मिरची धने त्या माझ्याकडूनच नेतात.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतोय असं नाही, मला ठेच लागलेली आहे. दुकानाचा रोजमेळ आमचा कायम चोख, पण दुकानातून घरी जाणारा माल आम्ही लिहीत नव्हतो, आपलंच दुकान, आपलंच घर, लिहायचं काय. २००९ ला मोठ्या मुलीचं इंजिनिअरिंगचं अ‍ॅडमिशन आलं, वहीत नफा दिसत होता आणि फी भरायला पैसे नव्हते. भावाकडून घेतले. त्या वर्षी मी घर उचल म्हणून वेगळं पान सुरू केलं, साखरेचा एक किलो घरी गेला तरी खरेदीच्या भावानं लिहायचा. मला वाटत होतं महिन्याला तीन हजाराचं जात असेल, निघाले सात हजार. बायकोनं उधळपट्टी केली असं अजिबात नव्हतं, पाहुणा आला की पिशवी भरून दे, शेजाऱ्याकडं कार्य आहे तूप पाठव, हे मीच सांगायचो. पान लिहायला लागल्यावर कुणाला काही बोलावं लागलं नाही, आपोआप ताळ्यावर आलं आणि मुलीची दुसऱ्या वर्षाची फी दुकानातून भरली.

म्हणून एक गोष्ट कळकळीनं सांगतो, पहिल्या महिन्यात कुणी कुणाला का म्हणून विचारायचं नाही. नुसतं लिहायचं आणि शिल्लक जुळवायची. जिथं जिथं वही बंद पडली तिथं कारण एकच होतं, वही बायकोला जाब विचारायला वापरली. बाईमाणूस मग खर्च लपवायला लागते, आणि लपवलेल्या खर्चाचा मेळ कसा बसेल. उलट पण होतं, नवऱ्याच्या चहाच्या पैशावरून रोज उकरून काढतात. त्यावर आम्ही घरी एक केलंय, प्रत्येकाला महिन्याला ठरलेला हातखर्च, माझे १,००० आणि बायकोचे पण १,०००, तो दिला की वहीत एकदाच नावे टाकायचा आणि पुढं त्याचं काय केलं ते कुणी विचारायचं नाही. म्हाताऱ्या आईला पण द्यायचो, ती त्यातून नातवंडांना लिमलेटच्या गोळ्या घ्यायची. तिला ते मागावे लागायचे नाहीत ह्याचं तिला फार समाधान होतं.

आता संपादक साहेब तुमच्याकडं मागणं. दर महिन्याच्या १ तारखेला पेपरात एक कोरं पान छापा. फार काही नको, ३१ ओळी, प्रत्येक ओळीत श्री शिल्लक, आलेले, गेलेले, मोजलेली शिल्लक आणि भूलचूक एवढे पाच रकाने, आणि खाली त्या महिन्यात येणारे वार्षिक खर्च लिहायला जागा, मार्चच्या पानावर ज्वारी, जूनच्या पानावर शाळा असं आधीच छापलेलं असलं तर अजून चांगलं. अक्षर जरा मोठं ठेवा, रात्री स्वयंपाकघरातल्या बल्बखाली दिसलं पाहिजे, आणि कागदाच्या मागच्या बाजूला जाहिरात असली तरी चालेल पण रकान्यांत शाई उमटायला नको. तुम्ही छापायला लागलात तर मी त्याच्या झेरॉक्स काढून १ तारखेला यादी देणाऱ्या प्रत्येक घराच्या पिशवीत सामानाबरोबर घालून देईन. त्या ताईंच्या वहीला आज २६ दिवस झाले, काल त्या दूधपावडर न्यायला आल्या होत्या तेव्हा सांगत होत्या की पहिल्या आठवड्यात भूलचूक ३१० होती आणि ह्या आठवड्यात १५ आहे, आणि धाकटा मुलगा रात्री स्वतःच वही घेऊन येतो कारण पैसे मोजायचं काम त्याला दिलंय.

आपला नम्र,
एक किराणा दुकानदार आणि तुमचा जुना वाचक
बार्शी, जि. सोलापूर